आत्याचा गोल

आमचं मूळ गाव नांदेडकडलं, पण मी जन्मले इथंच मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत, त्यामुळं माझं मराठी हे असं अर्धं हैदराबादी, तुम्ही पुण्याच्या, हसलात तरी चालेल. वडील कचेरीत कारकून, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, मग आई, आम्ही चार भावंडं आणि मथुआत्या, अण्णांची मोठी बहीण. आत्याचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि दहाव्या वर्षी ती कपाळ पुसून परत आली, तेव्हापासून स्वयंपाकघर तिचं.

मला कॉलेजात घातलं तेही आत्यानंच. अण्णा म्हणत होते, शिकली तेवढं बस झालं, तर आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, पोरगी कॉलेजात जाईल, नाहीतर उद्यापासून तव्यापाशी तू बस. अण्णांना चहासुद्धा करता येत नव्हता. झालं, घातलं माझं नाव.

विषय घेतला सोशॉलॉजी, आता का घेतला ते खरं सांगू का, त्या वर्गाची खिडकी हिमायतनगरच्या रस्त्यावर उघडायची आणि खाली बेकरी होती, उस्मानिया बिस्किटांचा वास यायचा. पण महिनाभरात अशी चढली मला ती विद्या, काय सांगू तुम्हाला! दोन वेण्या, वहीला लावलेलं पेन आणि तोंडात हे एवढाले शब्द. शेजारच्या खाला, म्हणजे मावशी हो, दारात आल्या की मी विचारायची, खाला, तुमचं कुटुंब संयुक्त की विभक्त? त्या म्हणायच्या, अगे पोट्टी, पैले कटोरीभर शक्कर दे, बाद में पूछ. आईनं शेजारी लोणचं दिलं की मी सांगायची, आई, याला सामाजिक देवाणघेवाण म्हणतात. आई म्हणायची, म्हणू देत, तू बरणी परत आण. असली शहाणी होते मी, आज भेटली तर कान पिळीन तिचा.

तर शेवटच्या वर्षी आमच्या मॅडमनी, तेलुगू होत्या, फार कडक, काम दिलं की प्रत्येकीनं आपल्या घरच्या नात्यांचा तक्ता काढून आणायचा. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोल, लग्न झालं की दोघांच्या मधे बरोबरचं चिन्ह, माणूस गेलेलं असलं की वर तिरकी रेघ. सगळ्यांत चांगला तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागणार होता आणि मला तर उठताबसता ती भिंतच दिसायची. आठ दिवस पुढच्या खोलीत कागद पसरून बसले. पणजोबांपासून चार पिढ्या, कधी तोंड न पाहिलेले चुलते, त्यांची सासुरवाडी, सगळे काळ्या शाईत, पट्टी लावून. आत्या चहा आणायची, आणि कागदावर सांडू नये म्हणून माझा घोट होईपर्यंत कप स्वतःच हातात धरून बसायची.

तक्ता द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी सगळ्यांना बोलावून दाखवला. हे पणजोबा, हे अण्णा, ही मी. आत्याला लिहितावाचता येत नव्हतं पण त्या खुणा तिला केव्हाच कळल्या होत्या, बोट फिरवत फिरवत अण्णांच्या त्रिकोणापाशी आली, थांबली, आणि म्हणाली, अगं, मी कुठंय?

मी तिला काढलीच नव्हती. नवरा नाही, मूल नाही, तिच्यापासून कुठली रेघ पुढं जात नाही, तर माझा हात तिथं थांबलाच नाही बघा. आणि बोलले काय, तर आत्या, जागाच उरली नाही. ती म्हणाली, हौ की, असू दे, आणि रिकामा कप उचलून आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मला ती भिंतही सोडवेना. नव्यानं काढायचा तर हातात एकच दिवस होता. मग नवा कागद आणला, आत्याला हाताला धरून बाहेर आणलं, म्हटलं, ही तू, आता तुझ्याशेजारी त्रिकोण काढते, वर तिरकी रेघ. ती म्हणाली, नक्को. ज्याचं तोंड मला आठवत नाही त्याच्या नावानं जन्म काढला, कागदावर तरी मला एकटी बसू दे. आणि जरा मोठी काढ, तुझ्या बापाला मी वाढवलंय.

काढली मोठी. बाकीचे घाईत उरकले, शाई फासली, चुलत्यांची सासुरवाडी तर गेलीच. मॅडमनी लाल पेननं लिहिलं, आकार चुकला, विवाह दाखवला नाही. भिंतीवर दुसरीचा तक्ता लागला. घरी आले तर आत्या दारातच, लागला का गं भिंतीवर? मी म्हटलं, लावतेच आता, आणि हातोडी घेऊन तो स्वयंपाकघरात तिच्या चुलीसमोर ठोकला. फोडणीच्या धुरानं पिवळा पडला, पण आत्या होती तोवर कुणाला काढू दिला नाही तिनं.

आता मी इथं विद्यानगरात मुलाकडं. नातीला मराठी धड वाचता येत नाही, पण तिनंही सोशॉलॉजीच घेतलंय, आणि तिचा बाप विचारतो त्यात स्कोप काय, अगदी अण्णा! मघाशी तुम्ही यायच्या आधी तिनं लॅपटॉपवर तक्ता दाखवला, रंगीत, एक डाग नाही. मी म्हटलं, छान गं, पण यादम्मा कुठंय? वीस वर्षं आपल्या घरी स्वयंपाक करतेय. तर म्हणते, अय्यो आज्जी, ती फॅमिलीत कशी येईल? म्हटलं, मला नको विचारू, आत जा आणि तिलाच विचार.

तेव्हाची गेलीय ती आत, ऐकू येतंय ना, दोघींचं तेलुगू अजून संपेना. सुखी राहा गं पोरींनो. तुमचा चहा आज उशिरा येणार बघा, बसा निवांत.