लाल दिव्यावरची काळी बाहुली

मंडळी, ऐका! एक विचारतो, आणि खरं सांगा हं, देवळात बसलाय! आत्ता तुमचं लक्ष देवाकडे किती, आणि बाहेर काढलेल्या चपलांकडे किती? ...हसू नका! शेजारच्याकडे तर मुळीच बघू नका! जन्मभर आपण दुसऱ्याचा संशय घेतो. माझा प्रश्न एवढाच—संशय घ्यायचाच, तर आधी कुणाचा घ्यावा?

विट्याजवळ सदूभाऊ उंडे नावाचे गृहस्थ. संशयी! किती? दूधवाल्यानं माप वाढवून दिलं तरी म्हणणार, "यात काय घातलंय?"

त्यांनी विजेवरची छोटी स्कूटर घेतली. बायको अनुसयाबाई शेजारच्या गावच्या अंगणवाडीत सेविका. तिला रोज सकाळी मागे बसवून सोडायचं. गाडी आली, पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडलं. इथवर ठीक! पण नजर लागू नये म्हणून सदूभाऊंनी मागे काळी बाहुली बांधली—वीतभर, वर केसांचा गोंडा! आणि बांधली कुठं? थेट लाल दिव्यावर! आता ब्रेक दाबला की दिवा पेटायचा बाहुलीच्या आड. मागच्याला काय दिसणार? कप्पाळ!

बरं, गाडीला आवाज नाही. जुन्या फटफटीवर लोकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता चौकातला शब्द न् शब्द कानात! "काका, मागं बघा, मागं!" कुणी ओरडलं की सदूभाऊ म्हणायचे, "जळतायत लेकाचे!" कुणी हॉर्न वाजवला—तोही जळतोय! घरी आले की बाहुलीला आणखी एक गाठ!

शेजारी बाबालाल मुल्ला. दुधाचा टेम्पो चालवायचा. तो दारात येऊन म्हणाला, "सदूभाऊ, बाहुली तेवढी पुढं हँडलला बांधा. मागचा दिवा दिसंना."

सदूभाऊंचे डोळे बारीक! आत येऊन बायकोला म्हणतात, "बघितलंस? बाहुली सोडायला सांगतोय! म्हणजे नजर ह्याचीच!"

दुसऱ्या दिवसापासून आरशात बघावं तर बाबालालचा टेम्पो! हे हळू, तर तो हळू. हे वळले, तर तो वळला. पुढे जात नाही, जवळही येत नाही! सदूभाऊंना घाम फुटला. "अगं, हा आपल्या मागावर आहे!"

"मग विचारा की त्याला!"

"विचारू कशाला? सावध होईल तो!"

मंडळी, आठव्या दिवशी धुकं पडलं. चार हातांपुढचं दिसेना. आणि उतारावर मेंढरं आडवी! त्यांना गाडीची चाहूल लागणार कशी? सदूभाऊंनी दोन्ही ब्रेक दाबले, गाडी थांबली—आणि मागून टायर घासल्याचा आवाज! कर्रर्र! अनुसयाबाईंनी डोळे मिटून घेतले.

काही झालं नाही. वळून बघतात, तर बाबालालचा टेम्पो रस्त्यात उभा, चारी दिवे लुकलुकतायत. आणि त्याच्या मागे, फळीपासून वीतभरावर, उसाचा ट्रक!

सदूभाऊ तरी ओरडतातच, "का रे, रोज पाठलाग का करतोस माझा?"

बाबालाल म्हणाला, "तुमचा दिवा झाकलेला. वहिनी मागं बसत्यात. तुम्ही तर ऐकंना. म्हटलं, आपलेच दिवे त्यांच्या मागं लावू."

सदूभाऊ बाहुली सोडायला वाकले. आठ गाठी! एकही सुटेना. अनुसयाबाई म्हणाल्या, "सरका!" त्यांनी दातानं दोरा तोडला, दिव्यापुढं हात धरला. "आता दाबा ब्रेक." लाल उजेड त्यांच्या तळहातावर पडला. सदूभाऊ रस्त्यातच रडले हो!

हसताय? मग हे माझं उपरणं बघा! आज स्कूटरवरून इथं येताना मागून एक बाई ओरडली, "बुवा, उपरणं!" मी मनात म्हणालो, चेष्टा करतेय. आणि इथं उतरल्यावर बघतो तर काय—टोक काळं! चाकात जाता जाता राहिलंय! ती माउली इथं बसली असेल, तर मला तिच्या पाया पडायचंय.

आता उठाल, चपला शोधाल. शोधा! पण किल्ली फिरवण्याआधी, ज्याचा तुम्हाला सगळ्यात जास्त संशय येतो ना, त्यालाच म्हणा, "जरा माझ्या मागं बघता का हो?" आणि तो जे सांगेल, ते ऐका. चला, जोरात म्हणा माझ्याबरोबर—पांडुरंग हरी!