कोचचे दात आणि आईचा तिळगूळ

मला भित्री म्हणता ना, मग हे ऐका. आम्ही अबुधाबीत असताना माझा धाकटा भाऊ आइस हॉकी शिकायचा, म्हणजे बर्फावर पक नावाची कडक रबरी चकती काठीने मारायचा खेळ. त्याचा कॅनडियन कोच तिकडच्या छोट्या लीगमध्ये अकरा वर्षं खेळून आलेला, आणि सतत ओरडायचा. टीम निवडायच्या दिवशी नेमकी संक्रांत होती. आई मला म्हणाली, "त्यांना तिळाचा लाडू दे, म्हणजे जरा गोड बोलतील."

रिंकवर मी भीतभीत लाडू पुढे केला. कोचने तो चावला, कटकन आवाज झाला आणि लाडवाबरोबर पुढचे तीन दात बाहेर आले. मी किंचाळलेच.

भाऊ पुटपुटला, "खलास, ताई. आय ॲम आउट."

कोच शांतपणे लाडवातून दात सोडवत म्हणाला, "कवळी आहे. खरे दात तिसऱ्याच सीझनला पक लागून गेले." मग त्याने भावाला विचारलं, "तू हे घरी खातोस?"

"एव्हरी इयर, कोच."

"चावून?"

भावाने मान डोलावली.

"मग गोलकीपर तूच. तुला पकची कसली भीती?"

आईला आम्ही एवढंच सांगितलं, की कोच गोड बोलले.