अळूवडीचा रिकामा डबा

मंडळी, ऐका! आज साधा प्रश्न विचारतो. माणूस फोनवरून जेवण का मागवतो? भूक लागली म्हणून? मग घरात गॅस नाही का? कंटाळा? सूट मिळते म्हणून? पुढच्या रांगेतले काका हसले बघा — यांच्याकडे काल पार्सल आलं होतं! असू दे काका, नाव नाही घेत!

तर ऐका. नाशकात एक सोसायटी. तिसऱ्या मजल्यावर शालिनीताई बोंद्रे, दुसऱ्यावर हेमाताई खरवंडीकर. जिवाभावाच्या मैत्रिणी! वाटी खाली जायची, वाटी वर यायची. अन् एकदा भिशीत, सगळ्या बायकांसमोर, हेमाताई बोलून गेल्या — "शालूची पुरणपोळी जरा जाड होते, नाही?"

संपलं! पोळीला म्हटलं हो, पण लागलं कुणाला? दोन वर्षं अबोला! जिन्यात गाठ पडली तर दोघी भिंतीकडे बघायच्या. भिंतीला तरी काय वाटत असेल!

पण जिभेचं काय करणार? हेमाताईंच्या अळूवड्या शालिनीताईंच्या स्वप्नात यायच्या. अशात कळलं, हेमाताई आता ॲपवर अळूवड्या विकतात. झालं! शालिनीताईंनी मुलाच्या नावाने मागवल्या. बोलायला नको, नमायला नको! पार्सलवाला दादा एक मजला चढून आला अन् म्हणाला, "आजी, मला वाटलं पत्ताच चुकला. गाडी चालूसुद्धा केली नाही!"

पहिली वडी तोंडात टाकली, अन् ताईंच्या डोळ्यांत पाणी. तिखट नव्हती हो. हेमाची आठवण फार आली.

आठवड्याने पुन्हा मागवल्या. दादा दारात आला, तसा ताईंनी मागचा प्लॅस्टिकचा डबा त्याच्या हातात दिला — घासून, पुसून, आत नारळाच्या वड्या भरून! दादा म्हणाला, "आजी, हा फेकून द्यायचा असतो."

"फेकायचा? आणि रिकामा डबा कुणी परत देतं का? जा, दे तिला!"

दादा गेला. दार लागलं. मग ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला — अगं बाई! काय करून बसले मी! आता सगळं कळणार तिला!

घंटी वाजली. दारात हेमाताई. हातात तोच डबा, गालात नारळाची वडी.

"शालू, वडी जाड झालीय."

काळीज थांबलं ताईंचं. पण तोंड थांबतंय होय? "आणि तुझ्या अळूवडीत चिंच कमी असते!"

"मग दोन वर्षं सांगितलं का नाहीस गं, मेले?" असं म्हणून हेमाताई रडायलाच लागल्या. ह्याही रडल्या. दादा जिन्यात उभा. त्याच्या हातावर उरलेल्या वड्या पडल्या अन् तो निघाला!

कळलं मंडळी? ताईंनी ॲप घेतलं ते तोंड उघडायला लागू नये म्हणून! आपण किती पार्सलं भुकेपोटी मागवतो अन् किती बोलणं टाळायला, ते ज्याचं त्याला ठाऊक. खुशाल मागवा! पण आज घरी गेल्यावर जरा फडताळ उघडा. शेजारचा एखादा डबा असेलच. — बघा, बायकांनी माना खाली घातल्या! — तो घासा, काहीतरी भरा, अन् स्वतः नेऊन द्या. पार्सलवाल्याबरोबर नव्हे!

चला, हात वर करा. आधी विठ्ठलाचं नाव घ्या, अन् घरी पोचलात की त्या शेजारणीचं!