ऑगस्टचं पान

बर्मिंगहॅमच्या बसमध्ये सहा प्रवासी होते. सातवं निवेदिताच्या मांडीवरचं बाळ. त्याला कालपासून जुलाब होत होते. नवरा कामासाठी दूर ब्रॅकनेलला. पाणी देऊ नकोस, असं आईनं पुण्याहून फोनवर बजावलेलं. ती एकटीच डॉक्टरकडे निघाली होती. पुढच्या सीटवर एक तरुणी आणि एक काकू मराठीत बोलत होत्या.

“काकू, इथल्या १९११च्या दफन-रजिस्टरचं ऑगस्टचं पान उतरवलं. एकतीस नावं.”

“एकाच पानावर एवढी? बाळं किती त्यात?”

“तेवीस. सगळी जुलाबानं गेलेली.”

“औषध नव्हतं?”

“पाणी तरी होतं ना. पण जुलाब वाढतील म्हणून कितीतरी जणी तेच तोडायच्या.”

“कुणी सांगितलं नाही त्यांना?”

“सांगितलं ना. आयांनी, सासवांनी. तोडा म्हणून.”

कालपासून पर्समध्ये पडलेली जलसंजीवनीची पुडी निवेदितानं बाटलीतल्या लिटरभर उकळलेल्या गार पाण्यात कालवली.

स्टॉप येईपर्यंत बाळ साठ मिलिलिटर प्यायलं.