बांधापलीकडची फवारणी

द्राक्षं तपासणाऱ्या प्रयोगशाळेबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर दीर-भावजय बसले होते.

"भाऊजी, सात वर्षं मी वेलींवर औषधाचा थेंब पडू दिला नाही. तण हातानं उपटलं, द्राक्षं पायांनी तुडवून वाइन केली. आणि आज अहवालात तुमच्या फवारणीचं औषध निघालं!"

"वहिनी, वारा काय माझं ऐकतो?"

"पंप तर तुमचं ऐकतो ना? वारा पडेपर्यंत थांबा म्हणून बांधावर येऊन हात जोडले होते मी. आता बाटलीवरचा 'नैसर्गिक' शब्द खरवडून काढू?"

"एवढ्याशा औषधानं कुणी मरत नाही."

"मग तुमच्या मळ्यातली द्राक्षं नातवाला का देत नाही?"

"लहान आहे हो तो. त्याच्यासाठी तुमच्याकडचीच नेतो ना मी."

"यंदा कुठून न्याल?"