बिनशेपटीचा मासा

व्यासपीठावर स्थानापन्न झालेले संस्थेचे माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय मुख्याध्यापिका, माझे शिक्षक सहकारी, पालकवर्ग, पंख्याखालीच दाटीवाटीने बसलेले माजी विद्यार्थी, आणि आज ज्यांच्या निरोप समारंभामुळे आपल्या सगळ्यांचे दुपारचे तास माफ झाले त्या आपल्या हस्तकलेच्या बाई!

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी गणिताचा माणूस, पाच म्हणजे पाच. शिवाय आधीच्या तीन वक्त्यांनी ‘निसर्गाची लेक’पासून ‘शाळेचं वैभव’पर्यंत सगळी विशेषणं वापरून संपवली. माझ्याकडे फक्त घडलेली हकिगत उरली आहे. तीच सांगतो.

बाईंच्या वर्गाचा नियम तुम्हा सर्वांना पाठ आहे. दारातून रिकाम्या हाताने आत यायचं नाही. वाटेत जे दिसलं, आवडलं, ते घेऊन यायचं. पीस, वाळलेलं पान, कुंपणाला अडकलेला लोकरीचा धागा. काहीच सापडलं नाही तर निदान पाहिलेलं सांगायचं. “बाई, गवंडी भिंतीला सिमेंट फासत होता ना, ते आजोबांच्या गालावरच्या साबणासारखं दिसत होतं.” “शाब्बास, ये आत.”

आठ वर्षांपूर्वी त्या दारात मी उभा राहिलो. काखेत डेडस्टॉक रजिस्टर. शाळेतल्या वस्तूंची मोजदाद माझ्याकडे असते, हे ज्यांच्या खुर्च्या मी मोजल्या आहेत त्यांना ठाऊक आहेच.

“सर, काय आणलंत?”

“रजिस्टर.”

“वाटेत सापडलं?”

“बाई, मी तपासणीला आलोय.”

“या ना. आधी काहीतरी घेऊन या.”

गेलो. व्हरांड्यात एक चक्कर मारली आणि परत येऊन सांगितलं, “तिथे काही नाहीये.” चारशे मुलांच्या शाळेच्या व्हरांड्यात काही नाही! डोळ्यांचे डॉक्टर तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर न दिसणाऱ्याकडे पाहतात, तसं बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नियम मोडून आत घेतलं. दयेपोटी.

मग मी कपाट उघडलं. कांद्याची सालं, पिशवीभर: निरुपयोगी. फुटक्या बशा, अकरा: निरुपयोगी. सगळ्यात खाली पत्र्याचे दोन डबे होते, तासलेल्या पेन्सिलींच्या सालपटांनी काठोकाठ भरलेले. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘लाकडी कचरा, डबे दोन’. दुसऱ्या दिवशी बाई रजेवर होत्या. मी शिपाईमामांना हाक मारली.

मामा म्हणाले, “सर, बाईंना विचारू या का?”

मी म्हणालो, “कचऱ्याला कसली परवानगी?”

एक डबा माझ्या देखत रिकामा झाला. दुसऱ्याबद्दल मामा म्हणाले, “हा जड आहे, उद्या नेतो.” तो उद्या अजून उजाडलेला नाही. मामा दाराशी उभे आहेत, हसताहेत बघा.

आता कृपया सर्वांनी माझ्या मागच्या भिंतीकडे पाहावं. सहा फुटी मासा. त्याचा एकेक खवला म्हणजे पेन्सिलीचं एकेक सालपट. पाचवीतली एक मुलगी एकदा दारात सालपट घेऊन आली आणि म्हणाली, “बाई, माशाचा खवला.” त्या एका वाक्यावर शाळेने दोन वर्षं पेन्सिली तासल्या. पण माशाला शेपूट नाही. उद्घाटनाच्या वेळी आपले अध्यक्ष म्हणाले होते, “शेपूट रसिकांच्या कल्पनेवर सोडलं आहे, यालाच कला म्हणतात.” टाळ्या मीच सुरू केल्या होत्या.

दोन महिन्यांपूर्वी ठरलं की बाई निवृत्त झाल्या की हस्तकलेची खोली बंद करून तिथे बैठक कक्ष करायचा. खोलीचा अहवाल अर्थातच माझ्याकडे आला. मी पुन्हा रजिस्टर घेऊन गेलो आणि सहज विचारलं, “बाई, या माशाला शेपूट का नाही हो?”

“एक डबा कमी पडला, सर.”

“सांगून टाका की, बाई,” मामा मागून म्हणाले. “आठ वर्षं झाली.”

“मी कशाला सांगू? त्यांच्या रजिस्टरात लिहिलंय.”

पाहिलं. लिहिलं होतं. अक्षर खरोखर सुवाच्य होतं. मी विचारलं, “तेव्हाच का नाही बोललात?”

बाई म्हणाल्या, “बोलले असते तर तुम्ही माफी मागितली असतीत आणि तीही रजिस्टरात चढवली असतीत. मला वाटलं, कधीतरी तुम्हाला आपसूक दिसेल.”

मंडळी, त्या दिवसापासून मी पेन्सिली तासतो आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, “एवढ्या तासून शेवटी लिहिणार काय आहात?” पण सालपट अख्खं निघणं सोपं नाही. हात घाईत असला की ते तुटतं. अख्खं निघालं की काठाला रंगाची बारीक किनार येते, आणि मग ती किनार सगळीकडे दिसायला लागते. बसस्टॉपवर मिटलेल्या छत्रीच्या घड्यांत दिसते, कबुतराने पसरलेल्या पंखात दिसते. परवा घरून दम मिळाला, “लोकांच्या छत्र्यांकडे टक लावून बघू नका, मार खाल.”

अध्यक्ष महोदय, अहवाल आपल्यासमोरच्या पाकिटात आहे. ओळ एकच आहे: ‘खोली वापरात आहे.’ शेपटीला बाईंच्या अंदाजाने तीन हजार खवले लागतील. माझे झालेत नऊशे. दर गुरुवारी येऊन लावून घेईन, असं बाईंनी कबूल केलं आहे. तोवर बैठका याच सभागृहात, माशाखाली घ्याव्यात. अध्यक्ष हसले आहेत. हे हसू मंजुरी म्हणून इतिवृत्तात नोंदवावं, अशी चिटणिसांना विनंती.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. पाच मिनिटांची आठ झाली, बोलण्यात अधिक-उणं झालं असेल, ते पोटात घालावं. माझ्या चुका सांभाळायची बाईंना सवय आहे, बाकीच्यांनी आजच्यापुरती लावून घ्यावी.

मामा, माझ्या नऊशे सालपटांचा तो डबा द्या इकडे.

बाई, आज हात रिकामा नाही. येऊ का आत?