मोरीच्या वळणावरचा दगड

पुरवणी जबाब
दिनांक ०१/१२/२०२३

मी, सोनबा भिमा साळेकर (साक्षीदार), वय ६७ वर्षे, धंदा – पेन्शनर (रस्ते खात्यातून मुकादम म्हणून निवृत्त) व घरची भातशेती, राहणार उत्रोली, तालुका भोर, जिल्हा पुणे.

समक्ष पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगतो, की मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. दि. २३/११/२०२३ रोजी उत्रोलीच्या अलीकडे मोरीच्या वळणावर झालेल्या अपघाताबाबत मी त्याच दिवशी जबाब दिला होता. तो खरा आहे, पण त्यात काही सांगायचे राहिले. विसरलो म्हणून राहिले नाही. आज मला कोणी बोलावलेले नाही.

सदर वळणावर कुमारची चहाची टपरी आहे. निवृत्त झाल्यापासून मी सकाळी दहाच्या सुमारास तेथे जाऊन बसतो. टपरीच्या बाकावरून वळण, ओढ्यावरची मोरी आणि दोन्ही बाजूंचा रस्ता दिसतो. हा रस्ता एकतीस वर्षे माझ्या गँगकडे होता. त्यावरचा दगड, फांदी, मेलेले कुत्रे, जे असेल ते सकाळी नऊच्या आत उचललेले असायचे. याबद्दल मला कोणी शाबासकी दिली नाही आणि मी मागितली नाही.

घटनेच्या दिवशी सकाळी सव्वादहा वाजता भाताची पोती भरलेला एक टेम्पो वळणाच्या चढाला बंद पडला. त्याचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंगची पट्टी, तुटला होता. चालक धनाजी, राहणार पासली, हा गिरणीला चालला होता. गाडी मागे सरकू नये म्हणून त्याने मोरीच्या कठड्याचे चार दगड काढून चाकांना लावले. कठडा सरकारी आहे वगैरे विचार त्याच्या डोक्यात आला असेल असे मला वाटत नाही. अकराच्या सुमारास मिस्त्री आला व त्याने पाटा बांधून दिला. धनाजी गाडीत बसत असताना मी त्याला बाकावरूनच सांगितले, की दगड उचलून मग जा. तो मला म्हणाला, "उचलतो की दादा, तेवढं कळतंय मला." त्यानंतर त्याने गाडी चालू केली व तो निघून गेला. तीन दगड चाकाच्या धक्क्याने कडेला गेले. चौथा रस्त्याच्या मध्यापासून हातभर डावीकडे राहिला. तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती.

दगड अंदाजे पंधरा किलोचा, घडीव, एका अंगाला चुना लागलेला होता. तो मी ओळखतो. मोरीच्या कठड्याला दर दिवाळीआधी चुना मारायचे काम माझ्याच माणसांकडे होते.

खात्यात असताना रहदारीची गणना मी करत असे. रस्त्याकडेला बसायचे आणि जाणाऱ्या प्रत्येक वाहनाची कागदावर वेळेच्या रकान्यात रेघ मारायची, चार उभ्या व एक आडवी. त्या दिवशी मी कुमारकडून जुन्या कॅलेंडरचे पान मागून घेतले व दगडाला वळसा घालून जाणाऱ्या वाहनांची गणना सुरू केली. ते पान पहिल्या जबाबासोबत हजर केले आहे. हवालदार साहेबांनी त्याचे कौतुक केले होते.

आमच्या तालुक्यात इतके पट्टीचे ड्रायव्हर आहेत हे मला त्या दिवशी समजले. दगड दिसला की गाडी अलगद उजवीकडे घ्यायची, समोरून कोणी आला तर त्याच्यावर हॉर्न मारायचा, आणि पुढे गेल्यावर मागे वळूनही बघायचे नाही. ब्रेक लावण्याचे कष्ट थोड्यांनीच घेतले. ट्रिपल सीट असलेली एक मोटरसायकल तर दगडाजवळून नागमोडी काढली व पुढे जाऊन परत आणली, कारण पहिल्या वेळेस व्हिडिओ नीट आला नव्हता.

बारा वाजता पुण्याकडची एक पांढरी मोठी गाडी थांबली. मला वाटले, चला, एक तरी निघाला. गाडीतून काळा चष्मा घातलेले एक गृहस्थ उतरले. त्यांनी दगडाचे तीन बाजूंनी फोटो काढले. एका फोटोत दगड नीट यावा म्हणून त्यांनी त्यावर पडलेला पाला हाताने बाजूला केला. मग ते गाडीत बसून गेले. तो फोटो नंतर कुमारने मला मोबाईलवर दाखवला. त्याखाली प्रशासन झोपले आहे काय, असे विचारले होते. पाला उचलणाऱ्या माणसाने हे विचारावे याची मला गंमत वाटली.

साधारण साडेबाराला भोरचे निवृत्त हेडमास्तर श्रीपाद सर स्कूटरवरून आले. त्यांनी दगडाजवळ पाय टेकवले, दगडाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले व ते म्हणाले, "सोनबा, बघितलंत ना? लोकांना आता कशाचंच काही राहिलं नाही." मी हो म्हणालो. ते गेले. सरांनी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवले आहे.

गवताचा भारा घेतलेली एक बाई चालत गेली. डोक्यावर भारा असल्याने तिला वाकता येत नव्हते. ती कुमारला म्हणाली, "आरं, कुनीतरी काढा की रं त्यो दगुड." त्या दिवशी दगडाबद्दल कामाचे बोललेली ती एकटीच. कुमार म्हणाला, काढतो मावशे, आणि त्याने चहात साखर टाकली. ती गेल्यावर मी त्याला विचारले, का रे नाही काढत? तो म्हणाला, "म्या काढायचा आन् उद्या कुनी म्हनायचं, कठड्याचं दगुड कुमारनंच काढलं. आपल्याला काय करायच्यात नसत्या उठाठेवी?" कुमारचे वय बत्तीस असून तो रोज व्यायामशाळेत जातो.

चारच्या सुमारास एक कार्यकर्ते आले. गाडीच्या काचेवर त्यांचे आडनाव इतके मोठे लिहिले आहे, की त्यातून त्यांना रस्ता कसा दिसतो हे मला माहीत नाही. त्यांनी दगड पाहून खात्याला फोन लावला, तो उचलला गेला नाही, तेव्हा त्यांनी चहा घेतला. नंतर पुन्हा लावतो असे म्हणून ते गेले.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी भोरकडून एक प्रवासी जीप आली. ती दगडाला वळसा न घालता सरळ त्याच्यावरून गेली. दगड दोन्ही चाकांच्या मधोमध राहिला व जीपला काही झाले नाही. जीपच्या मागे प्रेरणा स्कूटीवर येत होती. प्रेरणा ही आमच्या गावच्या बनाबाईंची मुलगी, वय २४, भोरमध्ये औषधांच्या दुकानात कामाला आहे. वडील वारलेले आहेत, घरात मायलेकी दोघीच. जीप पुढे असल्याने तिला दगड दिसण्याचे कारण नव्हते. जीप गेली आणि दगड तिच्या पुढ्यात आला. पुढचे चाक दगडाला धडकले व ती उडून मोरीच्या कठड्यावर पाठीवर पडली.

मला त्या दिवशी सगळ्यांत काहीतरी वाकडे दिसत होते, म्हणून मी तिच्यातही शोधले. हेल्मेट डोक्यात होते, आरशाला अडकवलेले नव्हते, पट्टाही लावलेला होता. वेग तीसच्या आसपास होता. मोबाईल बॅगेत होता. तोपर्यंत पानावर दोनशे चौदा रेघा झाल्या होत्या. नियमाने चाललेले वाहन मी एकच पाहिले, ते हे.

जीप थांबली नाही. पाच मिनिटांत तीस-चाळीस माणसे जमली. दिवसभरात दगडाशी थांबायला ज्यांना सवड नव्हती, त्यांना आता भरपूर सवड होती. बऱ्याच जणांनी मोबाईल वर धरले होते. हात लावू नका, पोलिसांचं लचांड मागं लागतं, असे सांगणारेही होते. मी व कुमारने तिला टपरीच्या फळीवर घेतले. एसटी आली, ड्रायव्हरने काही न विचारता गाडी उभी केली आणि प्रवाशांनी मागची लांब सीट रिकामी करून दिली. एसटीने तिला भोरच्या दवाखान्यात नेले व तेथून पुण्याला हलवले. हे सर्व पहिल्या जबाबात आले आहे.

आता राहिलेले सांगतो.

माझ्या कॅलेंडरच्या पानावर एक ते दोन वाजून दहा मिनिटे या वेळेत एकही रेघ नाही. जागा कोरी आहे. हे पंचांच्या लक्षात आले नाही, कुमारच्याही नाही, ठाण्यातही कोणी विचारले नाही. त्या वेळेत मी जेवायला घरी गेलो होतो. घरी जायची वाट मोरीवरून आहे. मी दगडाच्या बाजूने चालत गेलो, दगडापासून दोन पावलांवरून. जेवून त्याच वाटेने परत आलो. तेव्हाही दगड तेथेच होता. मी तो पाहिला आणि बाकावर येऊन पेन्सिल उचलली.

मला तो उचलणे जड नव्हते. कंबर ठीक आहे, गेल्याच आठवड्यात मी भाताचे भारे वाहिले आहेत. मी तो मुद्दाम ठेवला. एकतीस वर्षे उचलले, आता कोण उचलतो ते बघू, असे माझ्या मनात होते. सांगायला लाज वाटते, पण शंभरावी रेघ मारली तेव्हा मला बरे वाटले. दोनशेवी मारली तेव्हा मी कुमारला म्हणालो, बघ, मी म्हणत होतो तेच. त्या वेळी कोणी खरोखर येऊन दगड उचलला असता, तर माझी गणना तिथेच थांबली असती आणि मी हिरमुसलो असतो. फोटोवाल्या गृहस्थांनी फोटो काढला, मी रेघा काढल्या. धनाजीला दगड टाकून गेल्याचे दोन मिनिटांत भान राहिले नाही. मला चार तास पन्नास मिनिटे पूर्ण भान होते.

अपघातानंतर गर्दी पांगल्यावर आणि पंचनामा झाल्यावर दगड मी उचलला व कठड्यात परत बसवला. अर्धे मिनिट लागले.

या आठ दिवसांत गावच्या ग्रुपवर माझा फोटो फिरत आहे. त्यावर माणुसकी जिवंत आहे असे लिहिले आहे. ग्रामपंचायतीने रविवारी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठेवला आहे. माझ्या पहिल्या जबाबावरून केसमध्ये नाव आलेला धनाजी भेटायला आला होता. तो म्हणाला, "दादा, समदेच दगुड टाकून जात्यात, म्या एकटाच कसा सापडलो?" मी त्याला घरात घेतले नाही. त्याला बाहेर उभे करण्याचा मला काय अधिकार होता, हे मला तो गेल्यावर समजले.

काल दि. ३० रोजी सायंकाळी बनाबाई घरी आल्या. त्या पुण्याहून कपडे न्यायला एक दिवसासाठी आल्या होत्या. प्रेरणाला कमरेखाली अजून काही समजत नाही, सहा महिने बघू असे डॉक्टर म्हणतात. बनाबाईंनी माझ्यासाठी नव्या भाताचे तांदूळ आणले होते, पदरात बांधून, पायलीभर. त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, यांनी पोरीला उचललं म्हणून ती जिवंत आहे. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "दादा, जीप आडवी आली म्हनून पोरीला काय दगुड दिसला न्हाई. तुमी तर हितंच बसला व्हता. तुमाला दिसला व्हता का?"

त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. पोरीची चूक नव्हती एवढेच त्यांना कोणाच्या तरी तोंडून ऐकायचे होते. तांदूळ आमच्या ओट्यावर आहेत. पत्नीने ते डब्यात भरायला घेतले तेव्हा मी तिला थांबवले.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथे लिहून द्यावे म्हणून मी आलो आहे. होय, दिसला होता. अकरा वाजून वीस मिनिटांपासून चार वाजून दहा मिनिटांपर्यंत, जेवणाची वेळ सोडून सतत, आणि जेवायला जाता-येता अगदी जवळून. या जबाबाची एक प्रत बनाबाईंना मिळावी. रविवारच्या सत्काराला मी जाणार नाही.

हवालदार साहेबांनी मला समजावून सांगितले, की न उचललेल्या दगडाला कलम लागत नाही, या मजकुराचा केसला उपयोग नाही, आणि वय बघता एवढे मनाला लावून घेऊ नये. कलम लागत नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच तर दोनशे चौदा जण गेले. तरी मजकूर गाळू नये, अशी मी त्यांना विनंती केली व त्यांनी ती मान्य केली.

माझा पुरवणी जबाब संगणकावर टंकलेखन करून मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. वर माझ्या नावापुढे साक्षीदार असे लिहिले आहे. तेवढा एक शब्द सोडून बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरे आहे.

समक्ष सही
सोनबा भिमा साळेकर